मणक्यात गॅप, दबलेली नस आणि आपण

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून काढलाय. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त माझे 'अं-अं' काढून टाकलेत.

आज पाहुणे नाहीत. मी एकटाच बोलणार आहे, कारण विषय माझ्या कंबरेचा आहे. आणि माझ्या मावसभावाच्या पायाचा. दोघांच्याही मणक्यात नस दबली होती. माझा एमआरआय रिपोर्ट वाचून घरचे रडायचे बाकी होते, आणि मी ऑपरेशन न करता बरा झालो. मावसभावाचं दुखणं चक्क कमी झालं होतं, आणि ऑपरेशन त्याला लागलं. असं उलटं का झालं, हे समजून घेणं म्हणजेच आजचा भाग.

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. हा भाग ऐकून कुणी स्वतःचं निदान करू नये. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर ते काय विचारतात आणि का विचारतात, एवढं कळलं तरी अर्धी भीती जाते. निदान माझी तरी गेली.

शिंक आली आणि…

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. सकाळी बेसिनवर वाकून चूळ भरत होतो आणि शिंक आली. बस्, एवढंच. पोतं उचललं नाही, जिममध्ये डेडलिफ्ट मारली नाही. शिंक! कंबरेत कट्कन काहीतरी झालं आणि मी बेसिन धरून तसाच उभा.

आई म्हणाली, "उसण भरली असेल, शेकून घे." शेजारच्या विंगमधले एक काका पायाळू आहेत. पायाळू माणसाने पाय लावला की उसण उतरते, असं आमच्याकडे अजून मानतात. काका प्रेमाने आले, हलकेच पाय लावला, चहा पिऊन गेले. उसण काही गेली नाही.

तिसऱ्या दिवशी गंमत झाली. कंबर जरा बरी वाटायला लागली, पण दुखणं उजव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत उतरलं. साधं दुखणं नव्हे. वीज गेल्यासारखं, तापलेली तार ओढल्यासारखं. पायाच्या करंगळीला मुंग्या. खोकलो की कळ, शिंकलो की कळ, कमोडवर जोर लावला की कळ. बसलो तर जास्त, उभा राहिलो तर जरा कमी.

मला कळेना, लागलं कंबरेत आणि दुखतंय पायात, हा काय प्रकार? मग नातेवाइकांचे फोन सुरू झाले आणि प्रत्येकाने एकच वाक्य ऐकवलं: "अरे, मणक्यात गॅप आला असेल."

'गॅप' नावाची गैरसमजूत

हे 'मणक्यात गॅप' प्रकरण आपल्याकडे घरोघरी आहे. ऐकलं की डोळ्यांसमोर काय येतं? दोन मणके एकमेकांपासून लांब गेलेत आणि मध्ये फट पडलीय. मग ती फट भरायला कुणी पावडर सांगतं, कुणी तेल, कुणी लेप.

प्रत्यक्षात बहुतेक वेळा उलटं असतं. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते, तिला डिस्क म्हणतात. तरुणपणी तिच्या मधल्या भागात भरपूर पाणी असतं. वय वाढतं तसं ते पाणी कमी होतं, गादी चपटी होते आणि मणक्यांमधलं अंतर कमी होतं. म्हणजे गॅप येत नाही, होता तो गॅप कमी होतो! त्यामुळे 'गॅप भरून काढणारं' काही कुणी विकत असेल, तर आधी एवढंच विचारा की बाबा, कुठला गॅप?

दुसरा शब्द 'गादी सरकली'. सोफ्याची गादी सरकते तशी ही सरकत नाही. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती घट्ट चिकटलेली असते. म्हणून कुणी पाठीवर दाबून, कडकड वाजवून ती 'परत बसवू' शकत नाही.

मग होतं काय? पुरणपोळी आठवा. गादीची बाहेरची बाजू चिवट धाग्यांच्या थरांची असते, ती आपली पारी. आत मऊसर गर, ते पुरण. पोळी लाटताना एका बाजूला दाब जास्त पडला की ती बाजू फुगते. गादीचं असं फुगणं म्हणजे बल्ज. पारी फाटून पुरण बाहेर आलं की हर्निएशन. आपण त्याला सरसकट 'स्लिप डिस्क' म्हणून मोकळे होतो.

आता हे पुरण बाहेर येतं कुठे? तर नेमकं तिथे, जिथून नस जात असते.

नस कुठून जाते

थोडा शाळेतला भाग, पण लवकर संपवतो. मानेत ७ मणके, पाठीत १२, कंबरेत ५, त्याखाली जुळलेल्या हाडांचं त्रिक आणि माकडहाड. या सगळ्यांच्या मधल्या पोकळीतून मज्जारज्जू खाली येतो. त्यातून डाव्या-उजव्या अशा नसांच्या ३१ जोड्या बाहेर पडतात. दोन मणक्यांच्या बाजूला लहान खिडकीसारखी जागा असते, तिथून नस बाहेर येते आणि हातात, छातीत, पायात जाते.

ही खिडकी मुळात अरुंद. तिथे गादीचा तुकडा आला, किंवा वयामुळे हाडाची कड वाढली, की नसेवर दाब पडतो. पण फक्त दाब हे पूर्ण उत्तर नाही, आणि मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गादीतला गर नसेला लागला की तिथे दाह होतो, म्हणजे नस सुजते, चिडते. पहिल्या काही दिवसांतली ती भयंकर कळ बरीचशी या दाहामुळे असते. दाह ओसरला की दुखणं उतरतं, भले तुकडा अजून तिथेच असेना का. म्हणून 'दुखतंय किती' आणि 'दबलंय किती' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे मावसभावाच्या गोष्टीत लागेल.

आणि पाय का दुखतो? नस म्हणजे वायर. वायर कंबरेत चिमटली तरी मेंदूला वाटतं, तक्रार वायरीच्या दुसऱ्या टोकाकडून आलीय. कंबरेच्या खालच्या नसा एकत्र येऊन सायटिक नस बनते, शरीरातली सगळ्यात जाड नस. तिच्या मुळाशी दाब आला की कुल्ल्यापासून पायापर्यंत कळ जाते. त्यालाच आपण सायटिका म्हणतो.

तक्रार कुठे, त्यावरून नस कुठली

डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न विचारला, "नेमकं कुठे दुखतं ते बोटाने दाखवा." मला वाटलं, एमआरआय बघायचा सोडून हे काय? पण प्रत्येक नसेचा आपला इलाका ठरलेला असतो.

कंबरेतल्या नसांचा हिशोब साधारण असा. एल४ चिडली तर मांडीची पुढची बाजू, गुडघा, नडगीची आतली बाजू. एल५ असेल तर पायाचा वरचा भाग आणि अंगठा, आणि अंगठा वर उचलायची ताकद कमी होते. एस१ असेल तर पोटरी, पावलाची बाहेरची कड, करंगळी, आणि चवड्यावर उभं राहताना पाय दगा देतो. माझ्या करंगळीच्या मुंग्या म्हणजे एस१. एमआरआय न बघताच डॉक्टरांनी तिथपर्यंत अंदाज बांधला होता. कंबरेतली बहुतेक हर्निएशन सगळ्यात खालच्या दोन गाद्यांमध्येच होतात, कारण वजन आणि वाकणं दोन्ही तिथेच जास्त.

मग त्यांनी मला उताणं झोपवून गुडघा सरळ ठेवत पाय वर उचलला. थोडा वर गेला आणि मी ओरडलो. पाय उचलल्यावर सायटिक नस ताणली जाते, आणि मूळ दबलेलं असेल तर पायात कळ जाते. नंतर टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, रबरी हातोडीने गुडघा आणि घोट्यामागे ठोकून पाहिलं. सगळं मिळून दहा मिनिटं. पण त्या दहा मिनिटांत त्यांना जे कळलं, ते मशीनच्या फोटोत दिसत नाही. ते म्हणजे नस काम करतेय की नाही.

आणि मान? आणि फोन?

हा भाग फोनवर ऐकणाऱ्यांपैकी निम्मे आत्ता मान वाकवून बसलेत, मला माहितीये.

मानेत नस दबली की तक्रार हातात येते. सी६ असेल तर अंगठा आणि पहिलं बोट, सी७ असेल तर मधलं बोट, सी८ असेल तर करंगळी. एक खूण मजेशीर आहे. काही लोकांना दुखरा हात उचलून डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, कारण नसेवरचा ताण कमी होतो. झोपेतही ते हात डोक्यावर घेऊन झोपतात.

'मान ६० अंश वाकवली की मानेवर २७ किलो वजन' हे चित्र तुम्ही व्हॉट्सअॅपवर पाहिलं असेल. ते २०१४ साली न्यूयॉर्कमधल्या एका सर्जनने कॉम्प्युटर मॉडेलवरून काढलेल्या आकड्यांवरून आलंय. जिवंत माणसांच्या मानेवर मोजलेलं नाही. मान वाकवली की मानेच्या स्नायूंना जास्त काम पडतं, हे खरंच. पण मान वाकवून रील बघितलं म्हणून गादी फुटली, इतकं सरळ गणित नाही. खरा त्रास होतो एकाच स्थितीत तासन्‌तास बसण्याने. सरळ बसूनही तीन तास हलला नाहीत तरी मान धरणारच.

अजून एक. हाताला मुंग्या आल्या म्हणजे मानेचीच नस दबली, असंही नाही. रात्री अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होतात आणि हात झटकला की बरं वाटतं, तर मनगटातली नस दबलेली असू शकते. कोपर दुमडून तासभर फोन धरलात आणि करंगळी-अनामिकेला मुंग्या आल्या, तर कोपराजवळची नस. दोन्ही पायांना, दोन्ही हातांना मुंग्या असतील तर मधुमेह किंवा बी१२ ची कमतरता बघावी लागते. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी१२ कमी असणं काही नवीन नाही. म्हणून 'मुंग्या म्हणजे मणका' असं ठरवून मोकळं होऊ नका.

रिपोर्टची भीती

आता माझ्या एमआरआयकडे येतो. तो मी स्वतःच घाईघाईने काढून घेतला होता, डॉक्टरांनी सांगायच्या आधी. रात्री बारा वाजता लिफाफा उघडून एकेक शब्द गुगल केला. डीजनरेशन. डिसिकेशन. एक्स्ट्रूजन. नर्व्ह रूट कॉम्प्रेशन. वाचून वाटलं, आता काठीच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "तुमच्या वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले तरी त्यातल्या कितीतरी जणांत यातलं काही ना काही सापडेल."

मी घरी येऊन शोधलं. १९९४ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ लोकांचे एमआरआय काढले. सगळ्या गाद्या ठीक असलेले निघाले फक्त ३६ टक्के. ५२ टक्के लोकांत कुठे ना कुठे बल्ज होता. पुढे २०१५ साली अशा ३३ अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. त्यात, काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकीही ३७ टक्क्यांमध्ये गादीची झीज दिसते असं निघालं. म्हणजे डोक्यावर पांढरा केस दिसावा तसं आहे हे. असतो, पण त्याने दुखत नाही.

म्हणून रिपोर्टमधल्या शब्दाला तेव्हाच अर्थ आहे, जेव्हा तो तुमच्या तक्रारीशी आणि तपासणीशी जुळतो. माझा जुळत होता. उजवीकडे एस१ दबलेली, आणि उजवी करंगळी बधिर. तरीही डॉक्टर म्हणाले, "ताकद आहे, लघवी-संडास व्यवस्थित आहे. आपण सहा आठवडे थांबू."

मी म्हटलं, "डॉक्टर, पण तो बाहेर आलेला तुकडा?"

"तो बऱ्याचदा शरीरच खाऊन टाकतं," ते म्हणाले. मला वाटलं चेष्टा करतायत. पण खरंच तसं होतं. गादीतून बाहेर पडलेल्या गराला शरीर परकं समजतं, पेशी येऊन त्याला हळूहळू संपवतात. आणि गंमत म्हणजे मोठा, पूर्ण बाहेर पडलेला तुकडा विरघळण्याची शक्यता नुसत्या फुगवट्यापेक्षा जास्त. रिपोर्टमध्ये जे जास्त भयानक वाचायला वाटतं, तेच आपसूक जाण्याची शक्यता जास्त!

त्या सहा आठवड्यांत काय केलं

पहिली गोष्ट, झोपून राहिलो नाही. घरचे म्हणत होते, "फळीवर झोप, महिनाभर उठू नकोस." पण १९९९ साली नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या १८३ रुग्णांवर हे तपासून झालंय. अर्ध्यांना दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, बाकीच्यांना जमेल तसं हिंडू-फिरू दिलं. १२ आठवड्यांनी दोन्हीकडे ८७ टक्के लोक सुधारले होते. झोपून राहिलेल्यांना काही जास्तीचं मिळालं नाही. पहिले एक-दोन दिवस फारच दुखत असेल तर पडा की, पण त्याच्यापुढे स्नायू ढिले पडतात आणि डोकंही.

मग मी काय केलं?

चाललो. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात पाच-पाच मिनिटं, मग सोसायटीत फेऱ्या. बसायचं मात्र कमी. अर्धा तास झाला की उठायचं, मोबाइलमध्ये अलार्म लावला होता. फोनवर बोलायचं ते उभ्यानेच.

झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांत उशी. उताणं झोपलो तर गुडघ्यांखाली उशी. फळी-बिळी नाही, आपली नेहमीची घट्ट गादी.

मांडी घालून जेवणं काही दिवस बंद, खुर्चीवर. भारतीय संडासाऐवजी कमोड. बाईक पूर्ण बंद, कारण आपल्या रस्त्यांवरचा एकेक खड्डा कंबर मोजून घेते. सकाळी उठल्या-उठल्या एकदम खाली वाकायचं नाही, कारण रात्रभर गादी पाणी शोषून टम्म झालेली असते. दात घासताना एक हात बेसिनवर. शिंक आली तर आधी कशाला तरी धरून सरळ उभं राहायचं. हसू नका, हे मी अजून करतो.

फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्यांनी एक नियम दिला तो फार उपयोगी पडला. व्यायाम करताना दुखणं पायातून वर, कंबरेकडे सरकत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल, दिशा बरोबर आहे. दुखणं कंबरेतून खाली पायाकडे उतरत असेल, तर तो व्यायाम थांबवायचा. मला पोटावर झोपून कोपरांवर छाती उचलायचा व्यायाम लागू पडला. पण तो सगळ्यांना लागू पडेल असं नाही. काहींना पुढे वाकून बरं वाटतं, विशेषतः वय झालेल्या, नसांचा मार्गच अरुंद झालेल्या लोकांना. म्हणून व्हिडिओ बघून 'सायटिकासाठी पाच व्यायाम' करण्यापेक्षा एकदा कुणाला तरी दाखवून घ्या. आणि पाय आखडलाय म्हणून ओढून-ताणून स्ट्रेच करू नका. चिडलेली नस ओढली की जास्त चिडते.

औषधं? डॉक्टरांनी थोडे दिवस दाह कमी करणारी गोळी दिली. ती मेडिकलमधून परस्पर महिनोन्‌महिने घेऊ नका, पोट आणि किडनी दोन्हीला भारी पडते. आपल्याकडे सायटिकाला प्रीगाबालिन सर्रास दिलं जातं. २०१७ साली ऑस्ट्रेलियात सायटिकाच्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली. साध्या खोट्या गोळीपेक्षा पायदुखी काही जास्त कमी झाली नाही, चक्कर मात्र जास्त आली. याचा अर्थ तुमची चालू गोळी आज रात्री बंद करा असा नाही. ती एकदम बंद करणंही बरं नाही. एवढंच, की डॉक्टरांना विचारा, "ही कशासाठी, आणि किती दिवस?"

पट्टा थोडे दिवस, बाहेर जाताना. मालीश हलक्या हाताने ठीक. पण मान मोडून घेणं, पाठीवर पाय देऊन नाचायला लावणं, ताकदीने कडकड वाजवणं, हे नस दबलेली असताना अजिबात नको. पायाळू काकांचं बरं, ते हलकेच पाय लावून चहा घेतात.

तिसऱ्या आठवड्यात रात्रीची झोप लागायला लागली. सहाव्या आठवड्यात कळ मांडीपर्यंतच राहिली. तीन महिन्यांनी बाईक. करंगळी मात्र सात-आठ महिने थोडी बधिर होती.

मावसभावाचा फोन

आता दुसरी गोष्ट. मावसभाऊ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, नाशिकला डिलिव्हरीचं काम करतो. दिवसाला दहा-बारा तास बाईक, पाठीवर बॅग. त्याला कंबर आणि डाव्या पायाचा त्रास दोन महिने होता. घरी सांगितलं नाही, कारण सुट्टी म्हणजे पैसे बुडाले. मेडिकलमधून इंजेक्शन-गोळ्या घेऊन ढकलत होता.

माझं ऐकून त्याने रात्री फोन केला. आवाज खुशीत. "दादा, तुझं बरोबर होतं. आपोआप बरं झालं बघ. चार दिवस झाले, पाय दुखायचाच थांबलाय."

मी म्हटलं, "वा! मग काय, कामावर?"

"हो रे. फक्त एक आहे, डाव्या पायातली चप्पल सारखी सुटते. जिना चढताना पाऊल अडकतं. नवीन चप्पल घ्यावी म्हणतो."

मी गप्प झालो. मला टाचांवर चालायला लावलं होतं ते आठवलं. म्हटलं, "फोन स्पीकरवर ठेव. टाचांवर उभा राहा, चवडे वर उचल."

थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "दादा, डावा उचलतच नाहीये."

दुखणं थांबलं होतं, कारण नस बरी झाली म्हणून नाही. नस इतकी दबली होती, की ती बोलायचीच बंद झाली होती. आधी कळ, मग मुंग्या, मग बधिरपणा, मग ताकद जाणं. शेवटच्या पायरीवर माणूस खूश होतो, दुखत नाही म्हणून. मघाशी म्हटलं ना, 'दुखतंय किती' आणि 'दबलंय किती' या दोन वेगळ्या गोष्टी. ते हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी त्याला घेऊन दवाखान्यात गेली. एल४-एल५ ची गादी, डावी एल५ नस. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. लहान छेद घेऊन, मायक्रोस्कोपखाली, नसेवरचा तुकडा काढला. दुसऱ्या दिवशी तो चालत होता, पण पाऊल लगेच उचललं नाही. नसेचे धागे पुन्हा वाढतात ते दिवसाला साधारण १ मिलिमीटर. कंबरेपासून पायापर्यंतचं अंतर बघा आणि हिशोब करा. आज नऊ महिने झालेत. पाऊल बऱ्यापैकी उचलतो, अंगठा अजून पूर्ण नाही. डिलिव्हरी सोडून तो आता गोडाऊनमध्ये बसून काम करतो.

मला राहून राहून वाटतं, दोन महिन्यांत मी त्याला 'आपोआप बरं होतं' एवढंच सांगितलं होतं. ते खरं होतं, पण अर्धं. उरलेलं अर्धं आज सांगतो, म्हणून हा भाग.

या खुणा दिसल्या तर थांबायचं नाही

हा भाग स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक, लघवी अडणं, लघवी झाल्याची जाणीव न होणं, किंवा लघवी-संडासावरचा ताबा जाणं. त्याबरोबर सायकलच्या सीटला टेकतो तो भाग, म्हणजे मांड्यांमधला, जननेंद्रियांभोवतीचा भाग बधिर होणं. मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या भागातच संपतो. त्याच्याखाली नसांचा झुपका लोंबतो, त्याला लॅटिनमध्ये 'घोड्याची शेपूट' अशा अर्थाचं नाव आहे, कॉडा इक्विना. तो सगळा झुपका एकदम दबला की हे होतं. इथे प्रश्न आठवड्यांचा नाही, तासांचा असतो. रात्र असो, रविवार असो, मोठ्या हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग. गाडी नसेल तर १०८. आणि हे सांगायला लाजू नका. लाजेपायी गेलेला वेळ परत मिळत नाही.

दोन, ताकद कमी होणं, आणि ती वाढत जाणं. पाऊल लटकणं, चप्पल सुटणं, हातातून कप निसटणं. दुखत नसलं तरी.

तीन, एकाच वेळी दोन्ही पायांत कळ किंवा बधिरपणा.

चार, मानेच्या त्रासाबरोबर शर्टाची बटणं लावता न येणं, चालताना तोल जाणं. इथे नस नाही, मज्जारज्जूच दबत असू शकतो.

पाच, पाठदुखीबरोबर ताप, रात्री घाम, वजन घटणं, रात्री पडूनही न थांबणारं दुखणं, आधी कॅन्सर होऊन गेलेला असणं. आपल्याकडे मणक्याचा टीबी आजही होतो, आणि तो वेळेत सापडला तर औषधांनी बरा होतो. आणि अर्थात, पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं.

यातलं काही नसेल, तर सहसा वाट बघायला वेळ असतो.

मग ऑपरेशन कधी?

मणक्याच्या ऑपरेशनला लोक दोन टोकांनी बघतात. 'करू नकोस, लुळा होशील' किंवा 'कापून टाक एकदाचं'. गादीमुळे नस दबते आणि तुकडा काढल्यावर माणूस बरा होतो, हे मिक्सटर आणि बार या बोस्टनच्या दोन सर्जननी १९३४ साली छापलं, म्हणजे या ऑपरेशनला नव्वद वर्षं होऊन गेलीत.

२००७ साली नेदरलँड्समध्येच एक अभ्यास आला. सहा ते बारा आठवडे जोरदार सायटिका असलेले २८३ लोक. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन, बाकीच्यांना थांबायला सांगितलं. ऑपरेशनवाले लवकर बरे झाले, पण वर्षभरानंतर दोन्ही गट जवळपास सारखेच, ९५ टक्के लोक बरे. मात्र थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी मध्येच कंटाळून ऑपरेशन करून घेतलं. म्हणजे ताकद शाबूत असेल तर हा बराचसा तुमचा निर्णय आहे. लवकर सुटका हवी, की सोसून थांबायची तयारी आहे? दोन्ही बरोबर असू शकतं. ज्याचं हातावर पोट आहे त्याला 'तीन महिने थांब' सांगणं सोपं नसतं. मधला मार्ग म्हणून काहींना नसेजवळ स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, त्याने काही आठवडे आराम मिळू शकतो. आणि ऑपरेशनला पैसे नाहीत म्हणून थांबत असाल, तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का.

शेवटचं. हा भाग संपला की उठा. खरंच उठा. टाचांवर दहा पावलं चाला, चवड्यांवर दहा पावलं चाला. दोन्ही पाय सारखे चालले तर छान, जाऊन पाणी पिऊन या. आणि घरात किंवा मित्रांत कुणी 'पाय दुखायचा थांबला, पण चप्पल सुटते' म्हणालं, तर त्याला नवीन चप्पल घेऊ देऊ नका. आधी डॉक्टरकडे न्या.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि शिंकताना काहीतरी धरा!